भिंतीचा चौथा रंग

रंगारी शिडीवर होता तेव्हा लेकीचा फोन आला. "बाबा, मला न्यायला या."

पोरगी पंधराची. घरात तिला भिंगरी म्हणत, आणि ते नाव ठेवणाऱ्याला बक्षीसच द्यायला हवं होतं. पोहणं दोन महिन्यांत सुटलं, गिटार तीन आठवड्यांत. म्हणून दहा दिवसांच्या सेवा शिबिराला निघताना बापाने दारातच बजावलं होतं, "या खेपेला अर्ध्यावर आलीस, तर माझ्याशी गाठ आहे." आणि आज चौथाच दिवस.

"काय झालं? मैत्रिणीशी वाजलं?"

"नाही हो. आम्ही इथल्या शाळेतला एक वर्ग निळा रंगवतोय."

"मग? बापाचाच धंदा की."

"शिबिराच्या आधीच्या तुकडीने तो पिवळा रंगवला होता. त्याआधी हिरवा, त्याआधी गुलाबी. सगळं याच वर्षात."

रंगारी एक पायरी खाली उतरला. "आधी खरवडून घेतला ना?"

"नाही. सर म्हणाले, वेळ नाही, परवा फोटो काढायचेत. हात लावला की पापुद्रे निघतात, बाबा. आणि वर्गातली मुलं तोवर बाहेर उन्हात. एक छोटी रोज विचारते, ताई, तुमचं कधी संपणार?"

घरी बायकोने इस्त्री करता करताच निकाल दिला. "आणलंत तर ती जन्मात काही तडीस नेणार नाही." रंगाऱ्याला भीती होती ती नेमकी हीच.

"पण न खरवडता रंग मारायला सांगितलं म्हणून मीही दोन कामं सोडून आलो होतो. तेव्हा तू माझं कौतुक केलंस."

इस्त्री थांबली. "बरं, जा. पण आधी डोळ्यांनी बघा. आपली बया गोड बोलून गुंडाळते."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो त्या वर्गात उभा राहिला. नखाने जरा टोकरलं तर चारही रंग एकदम हातात आले. कोपऱ्यात मात्र वीतभर जागा थेट गिलाव्यापर्यंत साफ होती.

"हे कोणी केलं?"

"मी. जेवणाच्या सुट्टीत, चमच्याने," भिंगरी म्हणाली. "सर ओरडले."

रंगाऱ्याला भरून आलं, आणि लाजही वाटली. फोनवर मैत्रिणीचं काढलं होतं त्याने.

"मी हिला नेतो," तो सरांना म्हणाला.

"अर्ध्यावर? प्रमाणपत्र मिळणार नाही हं."

"राहू द्या."

भिंगरीने आपला ब्रश धुतला, झटकून जागेवर ठेवला आणि पिशवी उचलली. अंगणात मुलं डोक्यावर वह्या धरून बसली होती. त्यातली एक चिमुरडी धावत आली. "ताई, संपलं?"

भिंगरीने मान खाली घातली.

रंगारी त्या चिमुरडीपुढे उकिडवा बसला. "हिचं संपलं, बाळा," तो म्हणाला. "बाकीच्यांचं मला माहीत नाही."