रेंज नसलेलं गाव

माझा धाकटा भाऊ सोंग करतोय, हे मी ज्याला सांगितलं नाही असं माणूस आमच्या नात्यात उरलं नव्हतं. मी मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवते. दिवसभर माझ्या नाकासमोर उघडे फोन पडलेले असतात, आणि मला त्यांच्यामुळे कधी साधी शिंक आली नाही. याला मात्र समोरच्या गच्चीवर टॉवर उभा राहिल्यापासून डोकं ठणकतं, फोन जवळ आला की ओकारी येते, अंगावर गांधी उठतात. नकाशे काढायची चांगली नोकरी होती, ऑफिसात कॉम्प्युटर आहेत म्हणून तीही सोडली. घर भावजयीच्या पगारावर चाललेलं.

डॉक्टरांकडे मीच त्याला ओढत नेलं होतं. तपासण्यांत काही निघालं नाही. नंतर डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की या आजाराबद्दल वाद बरेच आहेत, पण असे लोक फोन चालू आहे की बंद हे ओळखू शकत नाहीत. तरी त्यांचा त्रास खरा असतो, हेही म्हणाले. पहिलं वाक्य मी पदरात बांधून घरी आणलं, दुसरं दवाखान्यातच राहिलं.

मग त्यानं जाहीर केलं की डोंगरापलीकडे एक गाव आहे, तिथे कुठलीच रेंज येत नाही, तिथे जाऊन राहणार. कायमचा, आणि एकटा. भावजयीची नोकरी इथे, मुलीची शाळा इथे. भावजय माझ्याजवळ येऊन रडली. ताई, तुम्हीच काहीतरी करा, म्हणाली. माझं डोकं फिरलं. म्हटलं थांब, याचं भूतच उतरवते.

जायच्या आदल्या दिवशी दोघं नवरा-बायको माझ्या घरी निरोप घ्यायला आले. दुकानाच्या शोकेसमध्ये आम्ही डमी फोन मांडतो. वरून हुबेहूब खरा, आत वजनासाठी एक लोखंडी पट्टी, बाकी पोकळ. त्यातला एक मी साडीच्या पिशवीत तयार ठेवला होता. आणि माझा खरा फोन, चालू, आवाज बंद करून, तो बसणार त्या खुर्चीच्या गादीखाली सरकवला.

त्याच फोनवर बसून पठ्ठ्यानं चहा प्यायला. लेकीच्या गमती सांगितल्या. दुसरा कप मागितला. मी भावजयीला डोळा मारला आणि डमी काढून त्याच्या कोपराशी उपडा ठेवला. म्हटलं, राहू दे थोडा वेळ, महत्त्वाचा फोन यायचाय.

तो आक्रसला. आता नाटक सुरू होणार, म्हणून मी हाताची घडी घालून बघत बसले. आधी त्याच्या ओठांवरचा रंग गेला. मग मनगटापासून कोपरापर्यंत गांधी उठायला लागल्या. लाल, जाड, एकीला एक लागून. माझ्या डोळ्यांदेखत. मी हात लावून बघितला, तर कातडी तव्यासारखी तापलेली. प्लास्टिकच्या खेळण्यानं. असं सोंग कोणाच्या बापाला जमेल?

तिथेच मी गप्प बसायला हवं होतं. पण तोंडात तयार झालेलं वाक्य मला गिळता येत नाही. मी डमीचं झाकण उपटलं आणि लोखंडी पट्टी त्याच्यासमोर टाकली. गादी उचलून माझा फोनही दाखवला. सगळं बोलून मोकळी झाले.

भावजयीनं आधी पट्टी बघितली, मग फोन, आणि तिला रडूच फुटलं, आनंदाचं. आता जायचं कारणच उरलं नाही, घरी जाऊन बॅग सोडते म्हणाली. तो ती पट्टी हातात घेऊन उलटसुलट करत राहिला. मला वाटलं चिडेल, भांडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे हे सगळं मीच करतोय," तो म्हणाला.

मी म्हटलं, हो रे, तेच तर सांगतेय, घाबरायचं काही नाहीच.

त्याच्या हातावरच्या गांधी आता मानेपर्यंत चढल्या होत्या. फोन तर मी केव्हाच बंद करून आतल्या खोलीत टाकला होता.

"ताई, त्या गावाला गेलो असतो ना, तर मी बरा झालो असतो," तो म्हणाला. आवाज अगदी साधा, आणखी एक कप चहा मागावा तसा. "मला खात्री होती. आता कुठेही गेलो तरी हे माझ्याबरोबर येणार."

भावजयीचं रडणं थांबलं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या हातातली पट्टी घेतली आणि डमीत परत बसवायला लागले.