खिशातलं 'नाही'

पडद्यावरचा हिरवा झेंडा दाबला, तरी गाडी हलली नाही.

"पुन्हा दाब," पद्मजा म्हणाली.

वर्गातल्या प्रणोतीने पुन्हा दाबला. लॅपटॉपला जोडलेली दोन चाकांची छोटी गाडी हिंदी मुलखातल्या महाराजपूरच्या मराठी मंडळाच्या फरशीवर जागच्या जागी बसून राहिली. समोर भिंत म्हणून जुन्या दिवाळी अंकांचा खोका ठेवला होता. गाडीने तिथवर जायचं आणि खोका लागला की थांबायचं, एवढंच आज सगळ्यांसमोर दाखवायचं होतं.

"सेल गेले असतील," मंडळाच्या अध्यक्ष बेबीताई पुढच्या खुर्चीतून म्हणाल्या.

"नवे आहेत, ताई."

"मग काहून नाही चालून राहिली?" श्यामसुंदरने विचारलं. तो मंडळाचा सचिव, रिछाईच्या उद्योगवसाहतीत त्याचा छोटा कारखाना होता. रविवारची ही खोली इंग्रजी कोडिंगच्या क्लासवाल्यांना द्यायची, असं तो आधीच ठरवून आला होता. "पद्मजा बेटा, बुरा मत मानना. बापूंनी हौसेनं केलं. पण कॉम्प्युटर मराठीत शिकतं का कोणी? पोरं घरी हिंदीत भांडतात अन् इथं येऊन जोवर-तोवर!"

दोन-चार पालक हसले.

बापू म्हणजे पद्मजाचे वडील. फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हा वर्ग काढला होता. पडद्यावरचे रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे, की प्रोग्राम तयार. टाइप काही करायचं नाही. प्रत्येक ठोकळ्यावर त्यांनी स्वतःचे मराठी शब्द बसवले होते. कॉम्प्युटरच्या नादाने तरी पोरं मराठी वाचतील, हा त्यांचा डाव. उन्हाळ्यात ते गेले. तेव्हापासून पद्मजा वर्ग चालवत होती, तोही जसाच्या तसा. शब्द तेच, रंग तेच, खुर्च्यांची मांडणीसुद्धा तीच. आज गाडी चालली नाही तर खोली जाणार होती, आणि खोलीबरोबर वर्गही.

ती वाकून ठोकळे वाचू लागली. जोवर खोका लागला नाही, तोवर पुढे जा. वाक्यात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

"दीदी, 'नाही' काढ ना!" मागून श्रद्धा ओरडली. "'नाही' खिशात!"

जुनी मुलं एकदम हसली. श्रद्धाने हवेतलं काहीतरी चिमटीत पकडून खिशात टाकल्यासारखं केलं. "बापूआजोबा सांगायचे. 'जोवर'मध्ये 'नाही' घालायचं नाही. खिशात ठेवायचं."

प्रणोती बापू गेल्यानंतर वर्गात आली होती. तिला हे कोणी सांगितलं नव्हतं. पद्मजालाही नाही.

पद्मजाने 'नाही'चा जांभळा ठोकळा ओढून बाहेर काढला आणि झेंडा दाबला. गाडी सुटली, खोक्याला टेकली आणि थांबली. टाळ्या पडल्या.

"झालं की!" बेबीताई म्हणाल्या.

प्रणोतीने टाळी वाजवली नाही. "पण दीदी, माझं वाक्य बरोबर होतं. हे बघ ना. 'जोवर खोका लागला, तोवर पुढे जा.' हे तर उलटं झालं. असं थोडीच बोलतो आपण?"

श्यामसुंदर चष्मा सावरत पडद्याजवळ आला. त्याने वाक्य मोठ्याने वाचलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "यही तो मैं कह रहा हूँ! मराठीत उलटं लिहिलं की गाडी सुलटी चालते."

पद्मजाच्या आता लक्षात आलं. हा ठोकळा 'कुठवर' एवढंच विचारतो. जे घडल्यावर थांबायचं, तेच त्यात घालायचं असतं. बापूंच्या जिभेवर आयुष्यभराची हिंदी होती; इंग्रजी 'until'चं त्यांनी मनात 'जब तक' केलं आणि त्यावरून 'जोवर' लिहून टाकलं. पुढे चूक कळली असणार. शब्द बदलण्याऐवजी त्यांनी गंमत केली. शर्टाचा खिसा थोपटणारा त्यांचा हात तिला दिसला.

ती गंमत आजही चालली असती. नियमच आहे, पाठ कर, एवढं म्हटलं की खोली वाचत होती. पण प्रणोती आपल्यालाच काही कळत नाही असं समजून घरी गेली असती.

"तुझं बरोबर आहे," पद्मजा म्हणाली. "ठोकळ्यावरचा शब्द चुकला आहे."

"म्हणजे बापू चुकले?" श्यामसुंदरने विचारलं.

"हो."

बापूंची शोकसभा याच खोलीत झाली होती. त्यानंतर त्यांच्याबद्दल इथे कोणी वावगा शब्द काढला नव्हता. पहिला तिनेच काढला.

तिने शब्दांची खिडकी उघडली. 'जोवर–तोवर' निवडून त्या जागी लिहिलं: 'असं होईपर्यंत'. पडद्यावर प्रश्न आला, जुना शब्द पुसायचा का? तिचं बोट माउसवर तसंच राहिलं.

"पद्मा," बेबीताई हळूच म्हणाल्या.

तिने दाबलं.

"आता प्रणोती, पहिल्यापासून कर. आणि कोणी सांगायचं नाही."

प्रणोतीने नवा ठोकळा आणला, त्यात 'खोका लागला' बसवलं. मग सवयीने तिने 'नाही' उचललं आणि फटीवर आणून धरलं. श्रद्धाने ओरडायला तोंड उघडलं. पद्मजाने हात वर करून तिला थांबवलं. प्रणोतीचे ओठ हलत होते. खोका लागला, असं होईपर्यंत, पुढे जा. तिने पुन्हा वाचलं आणि 'नाही' जागेवर परत ठेवलं.

गाडी खोक्यापर्यंत गेली आणि थांबली.

"असं कोण बोलतं? 'लागला असं होईपर्यंत'!" श्यामसुंदर पुटपुटला.

"बोलत नसेल कोणी. समजतं ना पण?" बेबीताई म्हणाल्या. "रविवार हिच्याकडेच राहू दे, श्याम. तुझ्या क्लासवाल्यांना शनिवार दे."

तो कुरकुरत खुर्चीकडे वळला, मग थांबला. "बापू असते ना, तर भडकले असते तुझ्यावर."

"भडकले असते," पद्मजा म्हणाली. "अन् रात्री दुसऱ्यांदा भात घेताना कबूल केलं असतं."

पालक उठू लागले. प्रणोती मात्र हलली नाही. ती ठोकळ्यांची पूर्ण रांग वरपासून बघत होती.

"दीदी, अजून कोणते शब्द चुकलेत?"

पद्मजाने शेजारची खुर्ची ओढली. "माहीत नाही. तू वाच. मोठ्याने वाच."