अर्ध्या सांध्याची फाईल

मी बोलतेय ते अगदी खालच्या खणातून, म्हणून आवाज जरा दबका वाटेल. अंगावर सतराजणी पडल्या आहेत. मी इस्पितळातली एक साधी फाईल. खाकी पुठ्ठा, पांढरी नाडी.

अपघात विभागाच्या टेबलावर मला दोन भोकं पाडली, नाडी ओवली आणि पहिला कागद लागला. वय चौऱ्याहत्तर, न्हाणीघरात पाय घसरला, उजव्या खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून त्या आजी माझ्या आणि मी त्यांची. माणसाला जशी आई, तसा फाईलला पेशंट.

पुढचे आठ दिवस मी त्यांच्या खाटेच्या पायथ्याशी लटकून होते. काय थाट होता माझा! डॉक्टर आले की आधी मला हातात घ्यायचे, मग आजींकडे बघायचे. आजींनी जन्मभर शिवणकाम केलेलं. सिस्टर रोज ताप लिहायच्या, रक्तदाब लिहायच्या. एके दिवशी त्यांनी समासात हेही लिहिलं: ‘पेशंट विचारतात, मशीन पायानं चालवता येईल ना?’ माझ्या पोटात एवढे कागद आहेत, पण जीव आहे तो त्या एका ओळीत.

ऑपरेशन नीट पार पडलं. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा काढून धातूचा बसवला. तो ज्या वाटीत फिरतो, ती वाटी धडधाकट होती, म्हणून मूळचीच ठेवली. खलबत्त्यातला बत्ता नवा घ्यावा आणि खल जुनाच वापरावा, तसंच हे. हाडांच्या डॉक्टरांनी घाईघाईत लिहिलं: ‘उजवा खुबा. अर्धा सांधा बदलला.’ सही ठोकली आणि पुढच्या खाटेकडे पळाले. दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी आजींना वॉकर धरून उभं केलं. ‘चार पावलं चालल्या,’ अशी नवव्या पानावर नोंदही केली.

मग आजी घरी गेल्या आणि मी तळघरात, नोंदणी कक्षात आले.

इथली रीत अशी, की प्रत्येक ऑपरेशनला त्याचा ठरलेला कोड लागतो. कोड लागला की फाईल पूर्ण होते आणि तिच्यावरूनच व्यायाम विभागाची चिठ्ठी निघते. कुठला पाय, काय बसवलं, पायावर किती भार द्यायचा, सगळं त्या चिठ्ठीत. हे काम कोडबाईंचं. पण त्या लेकीच्या बाळंतपणासाठी महिनाभर रजेवर होत्या आणि त्यांच्या खुर्चीत बसले होते शिक्केभाऊ. माणूस वाईट नाही हो, पण शिक्का हातात आला की त्यांचा हात आवरत नाही. त्यांनी डॉक्टरांचं वाक्य बोट ठेवून वाचलं.

“अर्धाच? म्हणजे उरलेला बदलायचा बाकी आहे!”

आणि धाडकन माझ्या कपाळी शिक्का बसला. अपूर्ण.

‘अपूर्ण’चं कपाट म्हणजे कोठडीच. एकदा आत गेलं की डॉक्टर खाली येऊन कागद पुरा करतील तेव्हाच सुटका. अपुऱ्या फायलींची यादी खिळ्याला टांगलेली असते. ती कोण वाचतो? खाली पडल्या पडल्या मी फक्त ऐकायची, कारण कपाटाला लागूनच चौकशीची खिडकी आहे.

पहिल्याच आठवड्यात आजींची सून आली.

“भाऊ, सासूबाईंची व्यायामाची चिठ्ठी द्या ना.”

“कसली चिठ्ठी, वहिनी? ऑपरेशन अर्धंच झालंय.”

“अगं बाई! मग राहिलेलं कधी?”

“डॉक्टर कळवतील. तोवर पाय हलवू देऊ नका बरं.”

माझा जीव नाडीत अडकला. अहो, चार पावलं चाललेली बाई आहे ती! नववं पान उघडा! पण तोंड बांधलेल्याची हाक कोणाला ऐकू जाणार?

सून दर आठवड्याला येत राहिली. तिसऱ्या वेळी ती खिडकीचा गज धरून म्हणाली, “पाय आखडलाय त्यांचा. भिंतीकडे तोंड करून पडून असतात. काल म्हणाल्या, मशीनवर चादर घाल, डोळ्यांसमोर नको.”

शिक्केभाऊ खाली बघत म्हणाले, “आणि तुमच्या चपला कुठे हरवल्या, वहिनी? फरशी केवढी गार आहे!”

“हरवल्या नाहीत. आई चालायला लागेपर्यंत घालणार नाही, असं देवाला बोललेय.”

“मग तारीखही देवालाच विचारा,” भाऊ हसले. पण ती गेल्यावर बराच वेळ शिक्का वाजला नाही.

रजा संपवून सोमवारी कोडबाई आल्या. आल्या आल्या त्यांनी कपाट उघडलं. त्यांची सवय अशी, की फाईल पहिल्या पानापासून वाचायची. ‘लिहिलं नाही ते झालं नाही, आणि वाचलं नाही ते लिहून उपयोग नाही,’ हे त्यांचं पालुपद. समासातल्या ओळीवर त्या थबकल्या. नवव्या पानावर त्यांनी चष्मा काढला.

“भाऊ, हिला अपूर्ण कोणी केलं?”

“मीच. डॉक्टरांनीच लिहिलंय ना, अर्धा म्हणून?”

“अहो, सांधा अर्धा बदललाय, ऑपरेशन पुरं झालंय! चालत्या बाईला महिनाभर झोपवलंत की!”

“डॉक्टरांचं अक्षर जन्मात पहिल्यांदा लागलं हो बाई, म्हणून विश्वास ठेवला!” शिक्केभाऊंचा चेहरा पार उतरला होता.

डॉक्टरांच्या वतीनं बाई एक अक्षर लिहीत नाहीत. मला छातीशी धरून त्या तीन जिने चढल्या. डॉक्टरांनी त्यांच्यासमोर लिहिलं: ‘उजव्या मांडीच्या हाडाचा गोळा बदलला. वाटी मूळचीच. शस्त्रक्रिया पूर्ण. पायावर पूर्ण भार देऊन चालवावे.’ त्याखाली बाईंनी कोड घातला, चिठ्ठी निघाली. फोन मात्र शिक्केभाऊंनी आपणहून लावला. “वहिनी, चूक माझी. आईंना उद्याच घेऊन या.”

आणि मी? मी पूर्ण झाले, म्हणजे कायमची बंद झाले. आता ‘पूर्ण’च्या कपाटात आहे. खण तसाच, अंधार तसाच, नाडीला वर आणखी एक गाठ. मला आता कोणी उघडणार नाही. एकच मागणं आहे. लिहिताना एक शब्द जास्त लिहा आणि वाचताना एक पान जास्त उलटा. तुमच्या एका शब्दाखाली कोणाचा तरी पाय अडकलेला असतो.

परवा पलीकडच्या खिडकीशी आवाज आला. टक... टक... वॉकरचा. मग आजींचा.

“शिक्केवाले भाऊ तुम्हीच ना? मशीनवरची चादर काढलीय मी. पायात जोर आला की पहिला सदरा तुमचाच. एका बाहीचा!”

सगळा कक्ष हसला. भाऊ म्हणाले, “चालेल आजी, चालेल. मी घालेन.”

मग टक टक दूर जाऊ लागली. मी कान देऊन ऐकत होते. तिच्या सोबतीनं, अगदी तिच्याच चालीनं, चपलांचा एक जोड वाजत होता.