अर्धी गोळी

आमच्या घरात कुणी एकट्यानं खायचं नाही, हा आईचा नियम. शेवटचं बिस्कीट उरलं तरी त्याचे तुकडे व्हायचे. लहानपणी मी आणि माझा धाकटा भाऊ यावरून तिची भरपूर टिंगल करायचो. मोठेपणी तो मात्र तिच्याच वळणावर गेला.

तो टपाल केंद्रात यंत्रावर पत्रं वेगळी करायचा. एका सकाळी यंत्रात एक लिफाफा फाटला आणि बारीक पूड उडाली. कुणा नतद्रष्टानं मुद्दाम धाडलेली. तपासणीत अँथ्रॅक्स निघाला. हे जंतू श्वासातून आत गेले की काही काळ गुपचूप पडून राहतात, पण एकदा जागे झाले की डॉक्टरही हात टेकतात. म्हणून त्याआधीच गोळ्या सुरू करायच्या, सकाळी एक, रात्री एक, दोन महिने.

मी नर्स. शाळेच्या हॉलमध्ये टेबल मांडून केंद्रातल्या लोकांना गोळ्या देत होते आणि प्रत्येकाला कानीकपाळी ओरडून सांगत होते, "हा आजार एकाकडून दुसऱ्याला होत नाही. घरच्यांना गोळ्या नकोत. तुमच्या तुम्हीच घ्या." रांगेत भाऊ आला, त्यालाही तेच ऐकवलं.

"घेतो गं बाई," तो म्हणाला. "रांगेतल्यांवर असंच खेकसतेस का? आजार परवडला."

मी हसले. माझ्या जिवात जीव आला होता, कारण औषध वेळेत त्याच्या हातात पडलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात भावजयीचा फोन आला. त्याला ताप होता, छाती दुखत होती. दवाखान्यात आणला तेव्हा त्याला धड वाक्य पुरं करता येत नव्हतं. छातीचा फोटो बघून डॉक्टर माझ्याशी एकदम हळू आवाजात बोलायला लागले. आम्ही असं कधी बोलतो ते मला ठाऊक आहे.

"गोळी चुकवलीस?" मी त्याला विचारलं.

"नाही, ताई. रोज घेतली." मग थांबून म्हणाला, "अर्धी."

दिवसाच्या गोळ्या दोन, घरात माणसं चार. आई सुरीनं त्यांचे अर्धे-अर्धे तुकडे करायची. एक त्याला, एक भावजयीला, एक छोट्या पुतणीला, एक स्वतःला.

माझं डोकंच फिरलं. "मी घसा फोडून सांगत होते ना?"

"तुमच्या लोकांनी माझे कपडे काढून घेतले, पिशवीत भरून जाळले," तो धापा टाकत म्हणाला. "आणि म्हणे घरच्यांना धोका नाही. कसं पटायचं? पोरगी समोर बसलेली... एकट्याला गिळवेना गं."

त्याला खडसवायला तोंड उघडलं आणि रडूच आलं. आता सलाइनमधून जे जे द्यायचं ते सगळं चालू होतं. मी नळ्या तपासल्या, चादर सारखी केली, पुन्हा नळ्या तपासल्या. दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. इतकी वर्षं नोकरी करून मला एवढंच करता येत होतं, याची चीड आली.

बाहेर बाकावर आई बसली होती. पुतणी तिच्या मांडीवर झोपलेली, ठणठणीत. तिला काही होणारच नव्हतं.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"वाट बघू म्हणतात."

आई नातीच्या केसांतून हात फिरवत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सुरीनं अगदी मधोमध कापायचे गं मी. आम्हा तिघींना त्या अर्धीनं वाचवलं. मग त्याच्याच वाट्याला काय कमी आलं?"

मी तिच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "काही नाही, आई. तू बरोबरच कापलीस."