सरकलेला चौरस

तुळजाबाई विहिरीत गेली ती रहाटाच्या तुळईसकट. तुळई कुजली होती, असं गाव म्हणालं. ती बसवली होती शहादेव सुतारानं, तुळजाबाईच्या नवऱ्यानंच. आता नवी तुळईही त्यालाच करायची होती, आणि तिच्या भरवशावर पाणी ओढणार होती त्याची लेक बायना.

तुळई चौकोनी विहिरीच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जायची. पण माणूस गेलेल्या विहिरीवर वर्षश्राद्धापर्यंत आडवी दोरी ताणायची नाही, अशी गावाची रीत. तिरडी बांधल्यासारखं होतं म्हणे. काठाकाठानं मापायला हरकत नव्हती. चारही बाजू सहा हात भरल्या. मग तो पंडित मास्तरांकडे गेला. मास्तर बीडला निजाम सरकारच्या मदरशात बीजगणित शिकवून म्हातारे झालेले.

त्यांनी पाटीवर मांडलं. "सहाचा वर्ग छत्तीस. दोन बाजूंचे बहात्तर. आता बहात्तरचं वर्गमूळ."

"काढा की."

"असं ओढून निघत नाही ते. फोड करायची. छत्तीस गुणिले दोन. छत्तीसचं मूळ सहा, ते बाहेर आलं. दोन मुळाखालीच राहतो, त्याचं मूळ कधी पुरतं सुटत नाही. कामापुरतं एक हात दहा बोटं धर."

चोवीस बोटांचा हात. शहादेवनं सहापट केली. "साडेआठ हात झालं."

"वर टेकायला दोन्हीकडे वीत-वीत सोड."

तुळई तयार झाल्यावर चौघांनी ती विहिरीवर नेऊन ठेवली. वीतभर टेकायची टोकं अर्ध्या वितीवरच थांबली.

"कावून बे शहादेव," हात लावायला आलेला बंकट म्हणाला, "मास्तरनं मूळ काढताना शेंडाच खुडला जणू."

विहिरीवर आलेल्या मास्तरांनी पुन्हा फोड केली. तेच आलं. "दुसऱ्या दोन कोपऱ्यांवर ठेवा," ते म्हणाले. तिथं तीच तुळई दोन्हीकडे दीड-दीड वीत वर सरली.

मास्तर काठापासून मागे झाले. "हिशेब चौरसाचा होता. बाजू सहाच आहेत, पण कोन काटकोन राहिले नाहीत. विहिरीचा काठ सरकतोय, शहादेव."

विहिरीतून वर काढलेली जुनी तुळई शहादेवनं घरी फोडली होती. आतलं लाकूड खणखणीत होतं. कुजली नव्हती ती. तिच्याखालून काठच सरकला होता.

बायना घागर घेऊन आली. "बसली का, बा?"

"माघारी फिर. वढ्याला जा. हितं कुणीच यायचं न्हाई."

बंकट हसला. "बायको गेली तवापासून ह्याला समदंच सरकताना दिसतंय." तो काठावर बसून तंबाखू मळू लागला.

खाली पाण्यात माती सुटल्याचा बारीक आवाज झाला. थांबला. पुन्हा झाला.

"ऊठ, बंकट," शहादेव हळूच म्हणाला, आणि लेकीचा दंड धरून मागे मागे सरू लागला.