दोनशे बारा खुबे आणि एक कमी पडलेला हात

मी एक जुना कोनमापक आहे. तुमच्या कंपासपेटीत असतो तो अर्धा चंद्र नव्हे, मित्रांनो. मला पोलादाचे दोन लांब हात आहेत आणि ते एका स्क्रूवर फिरतात. माणसाचा सांधा किती वळतो, हे मी अंशांत सांगतो. हाडांचे डॉक्टर लेलँड ओसेन यांना त्यांच्या गुरूंनी मला दिले, तेव्हापासून मी मिनेसोटातल्या ड्युलुथ गावी त्यांच्या कोटाच्या खिशात राहतो.

स्वभावाने मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. तुम्हीही झाला असता. आमच्याकडचा माणूस खुबा धरून लंगडत आत येतो आणि दुखतंय का विचारले तर म्हणतो, "छे, तसं काही वाईट नाही." फॉर्मवर दुखण्याचे गुण शून्य ते दहा असे लिहायचे असतात. सगळे 'दोन' लिहितात. झाडावरून पडलेला म्हातारा दोन, बर्फावर घसरलेली बाई दोन. त्यात कोणी घरच्या लिंबाच्या वड्या डबाभर घेऊन आले, की माझे कान टवकारतात. वड्या जितक्या गोड तितका सांधा आखडलेला, असा माझा अनुभव आहे.

डॉक्टरांचे संशोधन आइस हॉकीच्या गोलरक्षकांवर होते. रबरी चकती अडवायला ही मुले गुडघे जोडून, पावले बाहेर फेकून धाडकन बर्फावर बसतात. त्यात खुबे आणि गुडघे दोन्हींची वाट लागते. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा कधी खेळावे, याचा नियम डॉक्टरांनी आठ वर्षे मोजमाप करून बसवत आणला होता. खुबा आतल्या बाजूला तीस अंश वळला तर खेळा, नाहीतर थांबा. दोनशे अकरा खुबे मी मोजले. "हा कधी खोटं बोलत नाही," असे डॉक्टर सर्वांना सांगत आणि मी फुगून जाई.

दोनशे बारावी आली ब्रिटा निक्विस्ट. वय सतरा, शाळेच्या संघाची गोलरक्षक. शनिवारी अंतिम सामना होता आणि तिच्या हातात लिंबाच्या वड्यांचा डबा होता. मी सावध झालो.

ती टेबलाच्या कडेला पाय सोडून बसली. डॉक्टरांनी दोन्ही हातांनी मला तिच्या नडगीवर धरले. तिने पाऊल बाहेर वळवले; असे बसून पाऊल बाहेर नेले की वर खुबा आत वळतो. तीस!

"दुखतंय?"

"दोन."

"शाब्बास! शनिवारी मी पहिल्या रांगेत बसणार."

दारात रेनाटा उभी होती. ती रुग्णांकडून व्यायाम करून घेते. "डॉक्टर, मी काल मोजला तेव्हा बावीस आला होता."

"तुझा डोळा चुकला असेल."

"माझा डोळा दर रुग्णाला सात-आठ अंशच कसा चुकतो? तेही कमीच?"

डॉक्टरांनी मला उलटसुलट करून पाहिले. "मग याचाच स्क्रू ढिला झाला असेल. म्हातारा झाला बिचारा." आणि त्यांनी मला ट्रेमध्ये टाकले.

मित्रांनो, मला फार लागले. जन्मभर दुसऱ्यांवर संशय घेणाऱ्या मला त्या क्षणी स्वतःचाच संशय आला. खरेच आपण सैल पडलो असू का?

कपाटातून नवा बॅटरीवाला मापक निघाला. त्यानेही तीसच दाखवले. मी मात्र आता ट्रेमध्ये होतो, नडगीला चिकटलेला नव्हतो, त्यामुळे प्रथमच मला सगळी मुलगी दिसली. पाऊल वळताच तिचे त्या बाजूचे बूड टेबलापासून दोन बोटे वर उठत होते आणि त्यामुळे खुबा न वळताच पाऊल आणखी बाहेर जात होते.

रेनाटाने ते केव्हाच पाहिले होते. तिने ब्रिटाच्या कमरेवर तळवा ठेवून घट्ट दाबला. "आता मोजा."

नव्या मापकाने बावीस दाखवले. मग डॉक्टरांनी मला उचलून लावले. मीही बावीसच सांगितले.

ब्रिटा लालबुंद झाली. "सगळेच उचलतात," ती पुटपुटली. "कपडे बदलायच्या खोलीत मोठ्या मुलीच शिकवतात. डॉक्टरांचे दोन्ही हात मापकावर असतात, त्यांना कळत नाही म्हणून."

"सगळेच?" डॉक्टर स्टुलावर मटकन बसले.

रेनाटा हळूच म्हणाली, "मोजायला दोघं लागतात, हे मी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं."

"आणि मी काय म्हणालो होतो?"

"'मी एकटा पुरेसा आहे.'"

डॉक्टरांनी फॉर्म ओढून घेतला. मग त्यांनी तीस खोडून बावीस लिहिले. "शनिवारी नाही, ब्रिटा. या खुब्यावर खेळलीस तर पुढे चालायचेही वांधे होतील." ती ओक्साबोक्शी रडली. डॉक्टरांनी फॉर्म तिच्यापुढे सरकवला. "आता खरं लिही." तिने 'दोन' खोडले आणि 'सात' लिहिले. आठ वर्षांत तो आकडा मी पहिल्यांदा पाहिला.

मित्रांनो, माझा स्क्रू घट्टच होता. तुम्ही मला पुसा, कोरडे ठेवा, मी खरेच सांगेन. पण मला धरणाऱ्यावरही लक्ष ठेवा. मी रुग्णांवर संशय घेतला, वड्यांवर घेतला. डॉक्टरांवर तेवढा कधी घेतला नाही, कारण ते माझी स्तुती करत होते.

सोमवारी सकाळी डॉक्टरांनी पहिल्या क्रमांकाच्या रुग्णाला फोन लावला. मी खिशात होतो. "खुबा कसा आहे? दुखतो का?"

"छे, तसं काही वाईट नाही."

"ते असू दे," डॉक्टर म्हणाले. "तू ये. या वेळी तुझी कंबर रेनाटा धरणार आहे."