विहीणबाईला मारलेली हाक

लावा पैज. माझी गोष्ट कशी संपती ते आत्ताच सांगून टाका. कोल्हीण मरती म्हणताय? मरती की. जिथं बंदूक आन कोल्हीण हाय तिथं दुसरं काय व्हणार, त्येला काय डोकं लागतं? पर गोष्ट तिथं संपत नाय. तिची किंमत कुणी मोजली ते वळखा. नाय जमत? मग मुकाट बसून ऐका. आन मधी मधी हळहळू नका, मला राग येतो. तसा मला कशाचाबी येतो.

मी शिट्टी. पोलिसाची नव्हं, खेळाच्या मैदानातली नव्हं. तंबाखूच्या डबीचं झाकण कापलं, मधोमध दुमडलं, खिळ्यानं भोक पाडलं, झाले मी. रुपयाएवढी. आयर्लंड देशात, नास गावाच्या भाईर, मॉस म्हणून एक मेंढरंवाला हाय. त्येच्या बापानं मला पावसात गोठ्यात बसून घडवली.

मला ओठ आन दाताच्या मधी धरायचं आन श्वास आत वढायचा. भाईर फुंकायचा नाय, आत वढायचा. की मी किंचाळते. ससा कुत्र्याच्या तोंडात गावला की जसा वरडतो, हुबेहूब तसं. ते ऐकून कोल्हा येतो. पोटात भूक असती, त्येला वाटतं आयतं जेवण हाय. आन बांधाआड बसलेला माणूस त्येला गोळी घालतो.

येवढंच माझं काम. घरातली पोरं खोटं बोलली की तुमी कानफटात देता. मला मात्र खोटं बोलता यावं म्हणून खिळा ठोकला. एकच गोष्ट शिकवली, "या जेवायला", आन तीबी फसवी. वर मॉसचा बाप पावण्यांना सांगायचा, ही शिट्टी लय हुशार हाय बगा. हुशार तू, आन बदनाम मी.

बाप गेल्यावर मॉसनं मला खिशात टाकली. चाव्या, सुतळी आन मेंढराच्या औषधाच्या झाकणासंगं. वर्षातनं एकदा, मेंढ्या विताना, भाईर काढायचा. बाकीचा काळ मी गंजत पडायची. मला गंज परवडला. कोणी मरत तरी नाय त्येच्यात.

आता विचाराल, आयर्लंडची शिट्टी, मराठी कुठं शिकली? दुसऱ्या एका म्हाताऱ्याच्या दाताखाली शिकली. त्यो म्हातारा म्हंजे विलास. फलटणचा. लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचा. लिहाय-वाचाय बेताचं, पर तोंड असं की बंद म्हणून नाय. त्येचा ल्योक शिरीष नासमधी ऱ्हातो, दिवसभर कॉम्प्युटरवर मिटिंगा करतो. सून नीलिमा तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. नात रेवती, तिसरीच्या पोरीएवढी. विलास दोन हजार वीसच्या सुरवातीला तीन म्हयन्यांसाठी आला, आन त्यो आजार आला. इमानं बंद. म्हातारा अडकला.

अडकला तर गप बसावं? छ्या. शिरीषची मिटिंग चालू असली की हा दाराबाहेरनं कोकिळेचा आवाज काढायचा. पलीकडची गोरी बाई दुर्बीण घिऊन झाडात कोकीळ हुडकायची. कपाटाला तिथं प्रेस म्हणतात, तर त्या प्रेसमधल्या साखरेच्या आन मिठाच्या बरण्या ह्यानं बदलून ठिवल्या. नीलिमा दिवसभर मास्क लावून दमून यायची आन च्या प्यायची. तिनं एक घोट घेतला आन कप ठिवला. दुसऱ्या दिवशी त्येच्या शिऱ्यात मीठ. त्येला सून तवापासनं आवडाय लागली.

घरापासनं लांब जायला बंदी व्हती. म्हणून आजा-नात रोज मॉसच्या रानाच्या भिताडापर्यंत चालत जायची. विलासला इंग्रजी नाय, मॉसला मराठी नाय. मधी रेवती. तिला मराठी समदं कळतं, पर बोलायची इंग्रजीच, आन तेबी मॉससारखंच हेल काढून. आजा मराठीत इचारणार, ती मॉसला सांगणार, मॉसचं हसून झालं की आज्याला खुणा करून आन दोन मराठी शब्द जोडून सांगणार. असं ते भिताडाच्या दोन अंगाला उभं ऱ्हाऊन गप्पा ठोकायचे.

एक दिवस मॉसनं मला वाजवून दावली, कशासाठी वाजवतो तेबी बंदुकीची खूण करून दावलं. विलासनं हात पुढं केला. मॉसनं मला पुसलं आन दिलं. बँडवाल्याचं तोंड ते! पयल्याच झटक्याला मी अशी किंचाळले की वस्तीतली समदी कुत्री उठली. मॉस गुडघ्यावर हात ठिवून हसला. म्हणाला, मेंढ्या वितील तवर तुज्याकडंच ठेव, करमणूक कर. ग्रँड, म्हंजे झकास.

घरी नीलिमानं बघितलं मातूर. परक्या माणसाच्या तोंडातली वस्तू, त्या दिवसांत! तिनं मला कुकरात टाकलं. वर कुकरची शिट्टी वरडतीया, आत मी शिजतीया. "बाबा, पुन्हा कुणाच्या तोंडातलं काही घेतलंत तर तुम्हाला उकळीन," म्हणाली. आन त्यो म्हणतो, मीठ घालशील ना?

आता नीट ऐका.

म्हाताऱ्यानं मला मागच्या बागेत वाजवली ती शिरीषची मिटिंग बिघडवायला. शिरीष खिडकी लावून मोकळा झाला. पर कुंपणावर कोल्हीण आली. तांबडी, कान ताठ. ससा हुडकत व्हती. रेवतीनं श्वास धरला. कोल्हिणीनं हिकडं बघितलं, तिकडं बघितलं, ससा काय नाय. वळून गेली. पोरगी नाचाय लागली, पर विलासचं तोंड पडलं.

का पडलं? ते फकस्त बँडवाल्याला कळंल. लग्नात हे लोक दुपारपासनं वाजवतात, ह्यांच्या वाजवण्यावर वऱ्हाड गोळा व्हतं, आन ह्यांची पंगत सगळ्यात शेवटी. कवा कवा तवर भात संपलेला. एका लग्नात जिलबी मोजून दिली पावण्यांना आन ह्यांना पाणी पाजून लावून दिलं. तवापासनं विलासनं एक नेम धरला व्हता. आपल्या वाजवण्यावर जो आला, त्यो उपाशी जायचा नाय.

"आपुन बोलवलं आन तशीच लावून दिली," त्यो रेवतीला म्हणाला. "शोभतं का आपल्याला?"

दुसऱ्या दिवशी तूप लावलेली पोळी घिऊन बसला. मला वाजवलं. कोल्हीण आली. पोळी टाकली. हुंगली, उचलली, पळाली. मग रोजच. येऊन येऊन ती कुंपणाच्या आत आली, मग गवतावर आली, मग बसाय लागली. शेपूट पायाभवती गुंडाळून, मान वाकडी करून, वाढायची वाट बघत. म्हाताऱ्यानं नाव ठिवलं विहीणबाई. लग्नात विहिणीचा मान पयला, तिला बसवायचं, वाढायचं, आन ती नाक मुरडत खाणार. हीबी तशीच. तूप कमी पडलं की पोळी तिथंच सोडून बघत ऱ्हायची. रेवती आयरिश हेलात "विहीन-बॉय" म्हणायची आन आज्याला हसू आवरायचं नाय.

मलाबी. मी जलमापासनं खोटी. त्या म्हाताऱ्यानं मला खरं करून दावलं. मी वरडायची, कोणतरी यायचं, आन त्येला खरंच जेवाय मिळायचं. गंज झडला माझा. मला वाटाय लागलं, मीबी भल्या घरची हाय.

नीलिमा एकदा दारातनं बघत व्हती. "बाबा, जंगली जनावर आहे ते. माणसाची सवय लावू नका त्याला. पुढे त्यालाच महागात पडेल."

त्यो म्हणाला, पोळीचं पीठ मी आणून देतो. हसण्यावारी नेलं. समद्याच गोष्टी हसण्यावारी नेता येत नायत ना, म्हाताऱ्या!

दोन हजार एकवीसला, मेंढ्या वियाला लागल्या. मॉसची दोन कोकरं कोल्ह्यानं नेली. मी मॉसला दोष देत नाय. वल्या कोकराचं मागं ऱ्हायलेलं कायबाय हातात घिऊन त्यो भिताडाशी आला व्हता ते मी बघितलंय. त्येनं शिट्टी माघारी मागितली.

विलासनं मला राखेनं घासली, चकाचक केली. दुसऱ्याची वस्तू मोकळ्या हातानं द्यायची नाय म्हणून डब्यात बेसनाचे लाडू भरले, वर मला ठिवली, फडक्यात बांधली. रेवती त्या डब्याकडं बघत व्हती. तिनं इचारलं, इंग्रजीतच, की आपल्या विहीनबॉयला मॉसची शिट्टी ऐकू आली तर?

तवा त्या माणसानं काय सांगितलं ठावं हाय?

"नाय येणार. वाजवणाऱ्याची वढ येगळी असती बाळा. वरातीत धा क्लॅरिनेट असूंदे, माझी बायकू माझं वळखायची. तिला माझं वाजवणं कळतं. ती माझ्याच हाकंला येती."

पोरीनं इश्वास ठिवला. आज्यावर नाय ठिवणार तर कोणावर?

अरं ए बँडवाल्या! तुझी बायकू तुझ्यासंगं जलम काढलेली. कोल्हिणीला काय कळतंय, कोण वढतंय? तिला मी कळते. माझा आवाज कळतो. आन त्या आवाजाला तूच तुपाची चव लावलीस. मी पत्र्याची, मला तोंड तुमी दिल्याबिगर बोलता येत नाय, न्हायतर त्या डब्यात मी लाडू फोडून वरडले असते.

त्याच दिवशी, उजेड उतरताना, मॉस बांधाआड बसला. मला दातात धरलं, वढलं. मी वरडले. दुसरं काय येतं मला?

ती आली. कोल्हा येतो तसा नाय आली. कोल्हा झाडाआडनं येतो, वारा हुंगतो, दोनदा थांबतो. ही सरळ उघड्या रानातनं दुडकी चालत आली. मॉसच्या समोर आली आन बसली. शेपूट पायाभवती, मान वाकडी. मॉसचा श्वास थांबला. मी त्येच्या दातात व्हते, मला कळलं. आयुष्यात असं कवा बघितलं नव्हतं त्येनं. थोडा वेळ त्योबी तिच्याकडं बघत ऱ्हायला. मग त्येला कोकरं आठवली असणार.

दुसऱ्या दिवशी भिताडाशी मॉस लय खुशीत. लाडू झकास झाले म्हणाला. मग हात हलवत कोल्हिणीची गोष्ट सांगाय लागला. रेवती आज्याला सांगत व्हती, नेहमीसारखं, खुणा करून. मॉस म्हणाला, ती घाबरली नाय, पळाली नाय, कुत्र्यावाणी समोर येऊन बसली, कायतरी मागितल्यावाणी.

रेवतीचे हात खाली आले.

"काय म्हणतोय त्यो?" विलासनं इचारलं. हसतच व्हता, त्येला वाटलं काय गंमत हाय.

पोरगी इंग्रजीत नाय बोलली. जलमात पयल्यांदा सगळं वाक्य मराठीत बोलली.

"आजोबा, ती बसली. पोळीसाठी बसली."

विलासनं भिताड धरलं. मॉसला काय कळंना. त्येला वाटलं म्हाताऱ्याला चक्कर आली. रेवतीनं त्येला काय सांगितलं नाय, आज्याकडंबी बघितलं नाय, येकटीच घराकडं चालाय लागली. मॉसनं भल्या मनानं मला खिशातनं काढलं आन विलासच्या मुठीत दाबलं. तुज्या हातनं नशीब आलं शिट्टीला, म्हणाला, तुज्याकडंच ठेव कायमची.

नशीब म्हणं! मी त्या मुठीत व्हते, आन मला त्येची दया नाय आली. राग आला. मॉसच्या बापानं मला खोटं बोलाय शिकवलं ते परवडलं असतं. खोट्याला कोल्हे बिचकत व्हते. दोनदा थांबत व्हते, वारा हुंगत व्हते, त्यातले निम्मे वाचत व्हते. तू मला खरी केलीस म्हणून ती बिनधास्त आली. सांगते तुम्हाला, माझ्यासारखीला तोंडात घालू नका. घातलीच, तर मौज म्हणून घालू नका. दुसऱ्याच्या पोटाला मारलेली हाक हाय ती.

आता मी फलटणला हाय. इमानं सुरू झाली, लस झाली, म्हातारा माघारी आला. क्लॅरिनेटच्या पेटीत पडून असते. ती पेटी त्यो उघडत नाय, मी फटीतनं बघत असते. कोकिळेचा आवाजबी काढत नाय.

ऱ्हायली पैज. वळखलंत का? नाय ना.

मॉसनं ती गोष्ट सांगितली त्या संध्याकाळी नासच्या घरात ताटं मांडली व्हती. रेवती वर खोलीत. विलासनं जिन्यापाशी जाऊन हाक मारली, रेवती, जेवायला चल. रोज याच हाकंला ती दोन दोन पायऱ्या उड्या मारत यायची. आली नाय. परत मारली. दार लागल्याचा आवाज आला. मग नीलिमानं हाक मारली, आन ती उतरली, खुर्ची लांब वढून बसली, खाली मान घालून जेवली. त्यो नास सोडीपतूर रोज तसंच.

अजून दर रविवारी शिरीष फोन लावतो, चित्रासकट. म्हातारा चष्मा पुसून बसतो. मागं टेबल दिसतं, ताट वाढलेलं दिसतं, पोरीची खुर्ची दिसती. त्यो हाक मारतो, "रेवती, ये गं." ज्येच्या वाजवण्यावर आख्खी वऱ्हाडं धावत यायची, त्यो परत हाक मारतो. नीलिमा म्हणती, येईल हं बाबा, अभ्यास करतेय. खुर्ची तशीच.